‘लातूर पॅटर्न’ आणि ‘मुसाफिर’ : माहिती तंत्रज्ञानातील करिअरच्या दोन कथनांची चिकित्सा

प्रस्तावना

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील विद्यार्थी जेव्हा माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेतो, तेव्हा यशाच्या काही गोष्टी त्याच्या मनात आधीच रुजलेल्या असतात. त्यांपैकी दोन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पहिली गोष्ट कोणत्याही एका पुस्तकात लिहिलेली नाही. ती शिक्षकांच्या बोलण्यात, पालकांच्या अपेक्षेत आणि गुणवंतांच्या छायाचित्रांच्या फलकांवर वाचायला मिळते. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ती सर्वपरिचित आहे. दुसरी गोष्ट छापील आहे. मूळचे सोलापूरचे आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात सर्वोच्च पदांपर्यंत पोचलेले अच्युत गोडबोले यांचे ‘मुसाफिर’ हे ते आत्मकथन होय. मनोविकास प्रकाशनाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या असून तो प्रामुख्याने ‘प्रेरणादायी’ म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती दिला जातो.

एक शैक्षणिक पद्धती आणि एक आत्मकथन यांची तुलना प्रथमदर्शनी विजोड वाटण्याचा संभव आहे. परंतु दोन्हींमधून ‘असे केले म्हणजे तसे होते’ असा कार्यकारणसंबंध विद्यार्थ्यापर्यंत पोचतो. या अर्थाने दोन्ही कथनेच आहेत व म्हणून समीक्षेचा विषय होऊ शकतात. पहिले कथन शिस्त देते, पण चुकीची भीती घालते. दुसरे कथन भीती घालवते, पण आपल्यामागील परिस्थितीचे मोल वाचकाच्या सहज लक्षात येऊ देत नाही. दोन्हींची चिकित्सा केल्याशिवाय या भागातील माहिती तंत्रज्ञान शिक्षणाची अडचण नीट समजणार नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. संस्थात्मक पार्श्वभूमी

मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा इतिहास मुक्तिसंग्रामाशी जोडलेला आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. पुढे लातूरला १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय, नांदेडला १९६३ मध्ये यशवंत महाविद्यालय आणि १९७० मध्ये लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय स्थापन झाले. तांत्रिक शिक्षणाच्या संदर्भात १९८१ मध्ये नांदेडच्या विष्णुपुरी परिसरात सुरू झालेली श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आणि १९८३ मध्ये लातूरला सुरू झालेले एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय हे महत्त्वाचे टप्पे होत. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले आणि नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या भागांतील महाविद्यालयांना जवळचे विद्यापीठ मिळाले. विद्यापीठाच्या नांदेड परिसरात संगणकशास्त्राचे, तर लातूर उपकेंद्रात तंत्रज्ञानाचे संकुल उभे राहिले.

संगणकाचे शिक्षण सर्वसामान्य घरापर्यंत पोचण्यास २००१ मध्ये सुरू झालेला ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रमही कारणीभूत ठरला. तालुक्याच्या गावी निघालेल्या केंद्रांत अनेकांनी पहिल्यांदा माऊस हाती धरला. त्यामुळे पदवीच्या वर्गात येणारा विद्यार्थी संगणकाला अगदीच अपरिचित राहिला नाही. मात्र संगणक वापरता येणे आणि संगणकाला काम सांगता येणे यांतील अंतर पदवीनेच भरून काढायचे होते. ते कितपत भरून निघाले, हा खरा प्रश्न आहे.

२. ‘लातूर पॅटर्न’ : गुणांचे कथन

‘लातूर पॅटर्न’चा विचार करताना त्याच्या मूळ प्रेरणेवर अन्याय होऊ नये. शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षांच्या गुणवत्ता यादीवर मोठ्या शहरांचा वरचश्मा असण्याच्या काळात लातूरच्या महाविद्यालयांनी हे चित्र पालटून दाखविले. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव या प्रयत्नाशी निगडित आहे. अभ्यासक्रम वेळेआधी पूर्ण करणे, सराव परीक्षांची साखळी, उत्तरपत्रिकांची तपासणी करून चुका विद्यार्थ्याला समक्ष दाखविणे आणि शिक्षकांनी जादा तास घेणे ही त्याची ठळक अंगे होत. ‘मागास’ हा शिक्का पुसण्यासाठी शिक्षकांनी उपसलेले ते कष्ट होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हा जिल्हा केवळ आपत्तीच्या नावाने ओळखला गेला नाही, यात या शैक्षणिक लौकिकाचा वाटा मोठा आहे.

कालांतराने ही पद्धती महाविद्यालयांच्या वर्गांतून खासगी शिकवण्यांकडे सरकली. लातूरचा ‘ट्यूशन एरिया’ ही आता शहराची एक ओळख आहे आणि नांदेडनेही तोच मार्ग धरला आहे. या स्थित्यंतरात कथनाचा आकार मात्र बदलला नाही. त्याचा नायक गुणवंत विद्यार्थी असतो, कालावधी दोन वर्षांचा असतो, कसोटी प्रवेश परीक्षेची असते आणि ‘नंबर लागला’ की गोष्ट संपते. वैद्यकीय अभ्यासक्रमाला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत प्रवेशानंतरची वाट बऱ्याच अंशी आखलेली असते. माहिती तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र जेथे हे कथन संपते, तेथेच खरी अनिश्चितता सुरू होते.

याहून गंभीर मुद्दा चुकीच्या स्वरूपाचा आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या परीक्षेत चूक म्हणजे गुणांचे नुकसान होय. नकारात्मक गुणपद्धतीत तर ती मिळवलेले गुणही हिरावून घेते. म्हणून या पद्धतीचे सारे कौशल्य चूक टाळण्यात खर्ची पडते. प्रोग्रॅमिंगमध्ये याच्या नेमके उलट घडते. साठ विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज करणारा साधा प्रोग्रॅम घेतला, तरी मोजणी शून्यापासून सुरू होते हे विसरल्याने तो एकसष्टाव्या, अस्तित्वातच नसलेल्या विद्यार्थ्याचे गुण शोधू लागतो. कधी तो मध्येच बंद पडतो. कधी बंद न पडता चुकीचे उत्तर देतो आणि ही दुसरी अवस्था अधिक फसवी असते. ती चूक कोठे आहे, हे शोधण्यासाठी प्रत्येक ओळीपाशी थांबून कोणत्या चलात काय साठले आहे ते पाहावे लागते. या शोधातूनच संगणक कसा ‘वाचतो’ हे विद्यार्थ्याला उमगते. येथे चूक होणे ही शिकण्याची अट आहे.

ज्या विद्यार्थ्याला दोन वर्षे चुकीची धास्ती घ्यायला शिकविले आहे, तो या टप्प्यावर गोंधळतो आणि ओळखीच्या मार्गाकडे वळतो. तो प्रोग्रॅम पाठ करतो. प्रात्यक्षिक परीक्षेत ठरावीक प्रोग्रॅमांच्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची, मागील वर्षीच्या जर्नलमधून उत्तरे उतरवून काढायची आणि यंत्राने न दिलेले ‘आउटपुट’ सुवाच्य अक्षरांत लिहायचे, ही रीत महाविद्यालयीन प्राध्यापकांना अपरिचित नाही. या रीतीचे खापर केवळ विद्यार्थ्यावर फोडता येणार नाही. नीटनेटके जर्नल प्रमाणित करणारी आणि फसलेल्या प्रयत्नाची नोंद ठेवायला जागा न देणारी मूल्यमापन पद्धतीही त्याला तितकीच जबाबदार आहे. म्हणजेच ‘लातूर पॅटर्न’चे कथन बारावीला संपत नाही. पदवीच्या प्रयोगशाळेतही ते नकळत चालू राहते.

३. ‘मुसाफिर’ : प्रवासाचे कथन

या पार्श्वभूमीवर ‘मुसाफिर’चे वेगळेपण जाणवते. वरवर पाहता हेही एका गुणवंताचेच कथन आहे. सोलापुरातील शालेय जीवन, शालान्त परीक्षेतील उज्ज्वल यश, पवईच्या आय.आय.टी.मधून १९७२ मध्ये मिळविलेली रासायनिक अभियांत्रिकीची पदवी आणि त्यानंतर पटनी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांतील वरिष्ठ पदे, असा हा आलेख आहे. परंतु कथनाची वळणे या आलेखाच्या विरोधात जातात. आय.आय.टी.ची पदवी हाती असताना नायक शहाद्याच्या आदिवासी चळवळीत जातो, तुरुंगवास अनुभवतो, परततो तेव्हा हाती काहीच नसते. ज्या विषयाची पदवी मिळाली, त्या विषयात तो करिअर करीत नाही. ज्या विषयात करिअर केले, त्याची पदवी त्याच्याकडे नाही.

हा तपशील माहिती तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने कळीचा आहे. भारतातील सॉफ्टवेअर व्यवसायाची पहिली पिढी बहुतांशी अशीच घडली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये, पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स १९७८ मध्ये आणि इन्फोसिस १९८१ मध्ये सुरू झाली, तेव्हा संगणकशास्त्राची पदवी देणाऱ्या संस्था देशात मोजक्याच होत्या. गणित, भौतिकशास्त्र, विद्युत वा रासायनिक अभियांत्रिकी शिकलेली माणसे कामावर असतानाच संगणक शिकत गेली. त्यांच्यासाठी शिकणे ही नोकरीपूर्वीची पायरी नव्हती, नोकरीचाच तो भाग होता. ‘मुसाफिर’मध्ये साहित्य, संगीत, अर्थशास्त्र, विज्ञान यांविषयीची लांबलचक विषयांतरे येतात. काही वाचकांना ती कथनाचा वेग मंदावणारी वाटतील. परंतु समीक्षकाच्या दृष्टीने ती या कथनाचा कणा आहेत. उपयोगाचा हिशेब न करता शिकत राहणारे मन हाच या आत्मकथनाचा खरा नायक आहे.

नांदेडच्या वाचकाला या संदर्भात नरहर कुरुंदकर यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. इंटरच्या परीक्षेत वारंवार अपयश आलेल्या कुरुंदकरांनी पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्यपद भूषविले आणि मराठी वैचारिक विश्वात स्वतःचे स्थान निर्माण केले. पदवी आणि विद्या यांचा संबंध सरळ रेषेचा नसतो, हे सांगण्यासाठी या भूमीला बाहेरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. तथापि, परीक्षेतील अपयश व विद्वत्ता यांचे हे सहअस्तित्व ‘लातूर पॅटर्न’च्या कथनात कोठेच बसत नाही, हेही तितकेच खरे.

४. ‘मुसाफिर’च्या मर्यादा

‘मुसाफिर’ केवळ प्रेरणादायी म्हणून वाचले जाते, तेव्हा त्यातील एक महत्त्वाचा भाग निसटतो. नायकाला जोखीम घेता आली, कारण ती पेलणारी सामग्री त्याच्यापाशी होती. सोलापूरच्या घरातील वाङ्मय आणि संगीताचे वातावरण, आय.आय.टी.ची मुद्रा, तेथे जोडलेला मित्रपरिवार आणि माणसांची तीव्र उणीव असलेला एक नवजात उद्योग यांचे पाठबळ त्याला होते. चळवळीतून परतलेल्या तरुणाला पुन्हा उभे राहता येते, ते जिद्दीमुळे खरेच, परंतु त्या जिद्दीला परतीची वाट उपलब्ध असल्यामुळेही. आत्मकथनाचा निवेदक ही सामग्री लपवीत नाही. परंतु मोकळ्या, गप्पांच्या शैलीमुळे ती वाचकाच्या नजरेतून सुटते आणि मागे उरते ते केवळ कर्तृत्व.

या दृष्टीने ‘मुसाफिर’च्या शेजारी प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ हे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. उदगीर परिसरातील दलित मुलाच्या शिक्षणाची ती कहाणी आहे. तेथे शिकण्याची आस तितकीच उत्कट आहे, पण प्रत्येक पायरीवर भूक, जात आणि निवाऱ्याचा प्रश्न आडवा येतो. तेथे अपयशाची किंमत वेगळी आहे. एक वर्ष वाया जाणे म्हणजे कदाचित कायमचे परत जाणे. लातूर-नांदेडच्या आजच्या माहिती तंत्रज्ञानाच्या वर्गात या दोन्ही कथनांचे वारसदार एकाच बाकावर बसतात. कोरडवाहू शेती असलेल्या घरातून, शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ‘पदवीचे काय एवढे, आवडेल ते शिक’ हा उपदेश करणे सोपे आहे. तो अमलात आणण्यासाठी लागणारी सवड त्याच्याकडे नसते. शिवाय अनेक कंपन्यांच्या भरतीत दहावीपासून पदवीपर्यंत सलग साठ टक्के गुण आणि एकही विषय शिल्लक नसणे ही अट प्रवेशद्वारातच उभी असते. त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने गुणांचा आग्रह हा भाबडेपणा ठरत नाही, तो व्यवहार आहे. ‘लातूर पॅटर्न’ची ताकद येथे मान्य करावी लागते.

५. भाषेचा प्रश्न

दोन्ही कथनांना जोडणारा एक दुवा म्हणजे इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला आय.आय.टी.त इंग्रजीचा येणारा न्यूनगंड हा ‘मुसाफिर’मधील लक्षणीय भाग आहे. गोडबोले यांच्या पुढील लेखनप्रवासात या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. त्यांनी ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’ यांसारखी इंग्रजी पाठ्यपुस्तके लिहिली आणि त्याच विषयक्षेत्राविषयी ‘संगणकयुग’सारखे लेखन मराठीतही केले. एकाच लेखकाने दोन्ही भाषांत संकल्पना मांडणे याचा अर्थ असा की, संकल्पनेचे आकलन एका भाषेच्या मालकीचे नसते.

वर्गातील वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तालुक्यांत तेलुगूचा, तर उदगीर परिसरात कन्नड व उर्दूचा वावर आहे. अनेक विद्यार्थी घरात एक, शाळेत दुसरी आणि पदवीला तिसरी भाषा वापरतात. ही बहुभाषिकता वास्तविक बलस्थान ठरावी. परंतु इंग्रजी उत्तर पाठ करून लिहिण्याच्या सवयीमुळे त्यांचे आकलन तपासलेच जात नाही. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणास मान्यता दिली आणि पिंपरी-चिंचवड येथील एका महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकी सुरू झाली. हा प्रयोग स्वागतार्ह असला, तरी नोकरीच्या मुलाखतीची भाषा त्याने बदललेली नाही. म्हणून मराठी की इंग्रजी, असा पर्याय मांडण्यापेक्षा मराठीतून विचार उलगडणे आणि इंग्रजीतून तो मांडणे, या दोन कृतींची सांगड घालणे अधिक व्यवहार्य होय.

६. बदललेला काळ

या दोन्ही कथनांनी गृहीत धरलेला काळ आता उरलेला नाही. ‘मुसाफिर’चा नायक उद्योगाच्या आरंभकाळात आला. ‘लातूर पॅटर्न’च्या बहराच्या काळात ‘खाउजा’ धोरणानंतरचा विस्तार चालू होता. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाने मराठवाड्यातील हजारो कुटुंबांचे लक्ष पुण्याकडे वेधले. नांदेडपासून हैदराबाद पुण्यापेक्षा कितीतरी जवळ असून, तेथे १९९८ मध्ये सायबर टॉवर्सचे उद्घाटन होऊन हायटेक सिटी उभी राहिली. तरीही भाषा, नातेसंबंध आणि सी-डॅकच्या पदविकेसारख्या सोयी यांमुळे पुण्याची ओढ कायम राहिली.

नॅसकॉमच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये या उद्योगाची उलाढाल सुमारे २४५ अब्ज डॉलर आणि मनुष्यबळ सुमारे ५४ लाख होते. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर साधा प्रोग्रॅम लिहून देणे हे यंत्राचे काम होऊ लागले. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे जवळपास १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. या घटनांवरून उद्योग संपला असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पण पाठ केलेला प्रोग्रॅम लिहिता येणे, एवढ्या भांडवलावर मिळणाऱ्या नोकऱ्यांचा आधार डळमळीत झाला आहे, हे निश्चित. यंत्राने लिहिलेल्या शंभर ओळींत एकसष्टावा विद्यार्थी कोठे शिरला आहे, हे ज्याला ओळखता येईल, त्याची गरज राहणार आहे. म्हणजे ज्या क्षमतेला आपल्या मूल्यमापनात आजवर जागा नव्हती, तीच आता निर्णायक ठरत आहे.

समारोप

वरील चिकित्सेवरून काही निष्कर्ष संभवतात. ‘लातूर पॅटर्न’मधील नियमितता, सराव आणि शिक्षकाचे व्यक्तिगत लक्ष या गोष्टी पदवीच्या पातळीवर जतन करण्यासारख्या आहेत. मूळ पद्धतीत उत्तरपत्रिकेतील चूक विद्यार्थ्याला समक्ष दाखविली जात असे. हाच धागा प्रयोगशाळेत नेता येईल. जर्नलमध्ये तयार उत्तराबरोबर न चाललेला प्रोग्रॅम, त्यातील दोष आणि तो कसा सापडला याची नोंद मराठी अथवा इंग्रजीत लिहून घ्यावी आणि तिला गुण असावेत. चिठ्ठीतील तयार प्रोग्रॅमऐवजी जाणीवपूर्वक बिघडवलेला प्रोग्रॅम दुरुस्त करण्यास द्यावा. त्यासाठी नव्या इमारतीची किंवा अनुदानाची गरज नाही. अभ्यास मंडळाची संमती आणि प्राध्यापकाची तयारी पुरेशी आहे.

‘मुसाफिर’ विद्यार्थ्यांच्या हाती जरूर द्यावे, परंतु ‘आठवणींचे पक्षी’सह द्यावे. एका पुस्तकातून शिकण्याचा आनंद कळेल, दुसऱ्यातून त्या आनंदाची किंमत कोणाला किती मोजावी लागते ते कळेल. भाषा विभाग आणि संगणक विभाग यांनी एकत्र येऊन असे वाचन घडवून आणले, तर ते बहुविद्याशाखीयतेचे सार्थ उदाहरण ठरेल.

या दोन्ही कथनांबाहेर राहिलेला एक मोठा वर्ग आहे. नांदेड-लातूरहून पुण्याला गेलेले, तेथे टिकलेले, टिकू न शकल्याने परतलेले, गावात संगणक केंद्र काढलेले, पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेकडे वळलेले माजी विद्यार्थी त्यात मोडतात. यांतील टिकलेल्यांचीच नावे महाविद्यालयांच्या अहवालांत येतात. परतलेल्यांचे अनुभव नोंदविले जात नाहीत, म्हणून पुढच्या विद्यार्थ्याला त्या वाटेवरचे खड्डे दिसत नाहीत. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या माजी विद्यार्थ्यांची अशी कथने, यशापयशाचा भेद न करता, संकलित केली तर गुणांच्या आणि प्रवासाच्या कथनांपेक्षा या भूमीच्या अधिक जवळचे असे तिसरे कथन उपलब्ध होईल. माहिती तंत्रज्ञानाची पदवी घेऊ पाहणाऱ्या मराठवाड्यातील विद्यार्थ्याला आज त्याची अधिक गरज आहे.